सुईण ते सूतिकागृह : पश्चिम भारतातील प्रसूतिव्यवस्थेच्या स्थित्यंतराचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात जन्माला आलेले जवळजवळ प्रत्येक मूल प्रथम सुईणीच्या हाती आले. ब्राह्मणाच्या वाड्यातील बाळंतपण असो, कुणब्याच्या घरातील असो वा गिरणी कामगाराच्या चाळीतील असो, त्या प्रसंगी बोलावणे जात असे ते तिलाच. असे असूनही आपल्या सामाजिक इतिहासाच्या साधनांत ही स्त्री स्वतःच्या शब्दांत जवळजवळ कोठेच बोलताना आढळत नाही. तिने दफ्तर ठेवले नाही, आत्मचरित्र लिहिले नाही आणि तिच्या कामाची हजेरीही कोणी मांडली नाही. तिच्याविषयी जे लिहून ठेवलेले आहे ते प्रामुख्याने तिची जागा घेऊ पाहणाऱ्यांनी लिहिलेले आहे. मिशनरी डॉक्टरांची पत्रे, सरकारी अहवाल, सुधारकांची भाषणे, नगरपालिकांच्या आरोग्याधिकाऱ्यांची टिपणे ही ती साधने होत. फिर्यादीच्या कैफियतीवरून आरोपीचे चरित्र लिहावे, तशी ही अवस्था आहे.

प्रस्तुत लेखात पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील, विशेषतः मराठी मुलुखातील, प्रसूतिव्यवस्थेच्या स्थित्यंतराचा विचार केला आहे. सुईणीवर ठेवलेल्या दोषांपैकी खरे किती, ते तिचे एकटीचे किती आणि ते दूर करण्यासाठी योजलेले उपाय कोठे अडले, हे तपासणे हा लेखाचा हेतू आहे. सुईणीचे उदात्तीकरण करण्याचा यात उद्देश नाही. तिच्या हातून मुले आणि माता दगावत, हे नाकारता येणार नाही. मात्र त्या कोणत्या कारणाने दगावत हा प्रश्न वेगळा आहे आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो वेगळाच ठेवला पाहिजे.

सुईणीचे काम आणि तिचे स्थान

मराठी मुलुखात सुईणपण हे बहुधा विशिष्ट जातींतील स्त्रियांकडे परंपरेने चालत आलेले काम होते. अनेक गावांत न्हाव्याच्या घरची स्त्री, तर अनेक ठिकाणी मांग किंवा महार समाजातील स्त्री हे काम करी. सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून मुलीकडे ही विद्या जाई. या जातिविभागणीचे कारण उघड आहे. बाळंतपणातील रक्त, वार आणि नाळ यांचा स्पर्श अपवित्र मानला जात असे. घरात दहा दिवसांचे सोयर असे आणि बाळंतीण स्वतःच अस्पर्श असे. ज्या हातांनी मूल जगात आणायचे, ते हात एरवी घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले जात. एकाच स्त्रीवर टाकलेला पराकोटीचा विश्वास आणि तिच्याविषयी पाळलेली पराकोटीची शिवाशिव ही दोन्ही एकाच खोलीत, एकाच रात्री, एकमेकांना न अडवता नांदत होती. पुढील काळातील सर्व सुधारणांना याच विसंगतीची अडचण झाली, हे पुढे दिसेल.

सुईणीचा मोबदलाही या स्थानाला साजेसाच होता. धान्य, नारळ, लुगडे किंवा चोळखण आणि थोडी रोकड असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. मुलगा झाला तर तो अधिक आणि मुलगी झाली तर कमी, अशी रीत अनेक ठिकाणी होती. म्हणजे तिच्या श्रमाचे मोल तिच्या कौशल्यावर अवलंबून नव्हते, निष्पन्न झालेल्या अपत्यावर होते. बाळंतपण झाल्यावर तिचे काम संपत नसे. बाळाला व बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे, शेकशेगडी, वेखंड-ओव्याची धुरी आणि पोट बांधणे ही कामेही अनेक घरांत तिच्याकडेच असत. पाचवी-सटवाईच्या पूजेतही तिचा मान असे.

तिच्या प्रत्यक्ष कार्यपद्धतीत हितकारक आणि घातक अशा दोन्ही गोष्टी मिसळलेल्या होत्या. बाई उकिडवी बसून किंवा आढ्याला बांधलेला दोर धरून कळा देई. गुरुत्वाकर्षणाचा लाभ देणारी ही स्थिती आज वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची रीत अनेक ठिकाणी होती. नाळ कापण्याची घाई करू नये असा सल्ला आता जागतिक आरोग्य संघटनाही देते. परिचित स्त्रियांचा सहवास, धीराचे शब्द आणि कमरेला चोळणे यांचे मोल आकड्यांत मांडता येत नसले तरी ते कमी नव्हते.

याउलट, न धुतलेला हात वारंवार आत घालणे, मूल लवकर यावे म्हणून पोटावर जोर देणे, विळ्याने किंवा घरातील सुरीने नाळ कापणे, तिच्या टोकाला राख अथवा शेण लावणे, बाळाला पहिला चीक न पाजणे या रीती प्राणघातक होत्या. विळ्याच्या आणि शेणाच्या वाटेने धनुर्वाताचे जंतू नाळेत शिरत. नवजात बालकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर लगेच प्रकट होतो. पाचव्या-सहाव्या रात्रीच्या सटवाईच्या भयामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हा अनुभव असावा, असे अनुमान करणे वावगे ठरू नये. कारण कळले नव्हते, पण वेळ मात्र अचूक ओळखली गेली होती.

अडलेल्या बाळंतपणात सुईणीचा इलाज खुंटत असे. मूल आडवे आले, रक्तस्राव थांबेना किंवा बाळंतिणीला झटके आले तर तिच्याजवळ नवस आणि अंगारा यांपलीकडे फारसे काही नव्हते. परंतु त्या काळातील डॉक्टरजवळ तरी काय होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

हातांचा प्रश्न : युरोपातील साक्ष

सुईणीवरील मुख्य आरोप अस्वच्छ हातांचा होता. तो करणाऱ्या वैद्यकाचा स्वतःचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा ११ हून अधिक माता मृत्यू पावल्या. सुईणींच्या विभागात हे प्रमाण शेकडा ३ पेक्षाही कमी होते. शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांवाटे सूतिकाज्वर पसरतो, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये ओळखले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करताच पहिल्या विभागातील मृत्यूही झपाट्याने घटले. तथापि त्यांचे म्हणणे त्यांच्या समव्यावसायिकांनी दीर्घकाळ मानले नाही. सभ्य गृहस्थाच्या हातांनी मृत्यू येतो, ही कल्पनाच त्यांना अपमानास्पद वाटली.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयातील आपला प्रसूतिविभाग सूतिकाज्वरामुळे १८६७ मध्ये बंद केला. त्यानंतर १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले की घरी बाळंत होणाऱ्या स्त्रियांपेक्षा सूतिकागृहात बाळंत होणाऱ्या स्त्रियाच अधिक मरतात. इंग्लंड व वेल्समध्ये मातामृत्यूचे प्रमाण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर हजार जन्मांमागे साधारण ४ ते ५ च्या आसपासच राहिले. जंतुनाशके आली, क्लोरोफॉर्म आला, प्रशिक्षित सुईणींचा १९०२ चा कायदा आला, तरी हा आकडा फारसा हलला नाही.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली म्हणजे आपल्याकडील वादाचे स्वरूप बदलते. १८८० च्या दशकात मुंबईत सुईणीचा निषेध होऊ लागला, तेव्हा सर्वसाधारण बाळंतपणात रुग्णालय घरापेक्षा सुरक्षित असल्याचा पुरावा खुद्द रुग्णालयांच्या मायदेशीही निर्विवाद नव्हता. फरक होता तो नोंदींचा. व्हिएन्नाच्या डॉक्टरांचा दोष सापडला, कारण तेथे प्रत्येक मृत्यू वहीत लिहिला जात होता. दोष सापडल्यामुळे तो दुरुस्त झाला आणि वैद्यकाची प्रतिष्ठा त्यामुळे उलट वाढली. आमच्या सुईणीजवळ वही नव्हती. त्यामुळे दोष दिसला तो तिच्या जातीचा व तिच्या अज्ञानाचा, आणि त्यावर उपाय म्हणून सुचला तो तिच्या उच्चाटनाचा.

आनंदीबाईंचा प्रबंध

या स्थित्यंतराच्या आरंभी एक व्यक्तिगत दुःख उभे आहे. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) चौदाव्या वर्षी माता झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांतच गेले. वैद्यकीय साहाय्याच्या अभावी झालेल्या या आघाताचा त्यांच्या पुढील निश्चयाशी असलेला संबंध त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. काशीबाई कानिटकरांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी मार्च १८८६ मध्ये पदवी मिळवली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’.

ही निवड लक्षणीय आहे. अमेरिकन परीक्षकांसमोर आपल्या देशाची बाजू मांडताना एका तरुण हिंदू स्त्रीने प्राचीन ग्रंथपरंपरेचा आधार घेतला, हे त्या काळाच्या मनोवृत्तीला धरूनच होते. आणि त्या परंपरेत अभिमान बाळगण्यासारखे पुष्कळ होते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागार कसे बांधावे याचे तपशीलवार वर्णन आहे. सुश्रुताने मूढगर्भाचे प्रकार व त्यावरील शस्त्रकर्म सांगितले आहे. प्रसूतिसमयी परिचर्येसाठी असणाऱ्या चार स्त्रिया वयस्क, प्रसूतिकर्मात कुशल आणि नखे कापलेल्या असाव्यात, असेही सुश्रुतसंहितेत म्हटले आहे. नखांचा हा उल्लेख मला नेहमी थबकायला लावतो. ज्या परंपरेने प्रसूतीस हात लावणाऱ्या स्त्रीच्या नखांचा विचार केला, त्याच समाजात ते नियम त्या स्त्रीपर्यंत पोचण्याची वाट मात्र उरली नव्हती. ग्रंथ एका जातीच्या घरी राहिला आणि हात दुसऱ्या जातीचे झाले.

सुधारकांनी आपला वारसा शोधला तो सुश्रुतात. गावातील जिवंत सुईणीत तो शोधावा, असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाटले. पुण्यात १८६३ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी सुरू केलेले बालहत्या प्रतिबंधक गृह हा येथे निराळा उल्लेख करण्याजोगा प्रयत्न होय. तेथे प्रश्न प्रसूतीच्या तंत्राचा नव्हता, प्रसूत होण्यासाठी सुरक्षित जागेचा होता. ज्या विधवेला सुईण बोलावण्याचीही सोय नव्हती तिच्यासाठी ते दार उघडले गेले. आपल्याकडील प्रसूतिगृहांचा इतिहास कामा रुग्णालयापासून सुरू करण्याची प्रथा आहे. तो पुण्यातील या घरापासून सुरू करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर झाली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. नेमणुकीच्या जागी काम करणे त्यांच्या नशिबी नव्हते.

कामा रुग्णालय आणि डफरिन निधी

मुंबईत १८८२ च्या सुमारास जॉर्ज किट्रेज हा अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी भारतीय स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर आणण्याकरिता निधी उभारला. एडिंबरा विद्यापीठात वैद्यकीच्या प्रवेशासाठी झगडलेल्या एडिथ पीची या १८८३ च्या अखेरीस मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून उभे राहिलेले स्त्रिया व मुलांचे रुग्णालय १८८६ मध्ये सुरू झाले. रुग्णालयाचा कारभार स्त्री-डॉक्टरांच्या हाती असावा, ही त्यामागील अट त्या काळी क्रांतिकारक होती. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाचे दरवाजेही याच सुमारास स्त्रियांना उघडले. १८८५ मध्ये व्हॉइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना स्त्री-वैद्यकीय साहाय्य पुरवणारी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. पुढील काही दशकांत देशभर जी जनाना रुग्णालये उभी राहिली त्यांच्यामागे हाच ‘डफरिन फंड’ होता.

या प्रयत्नांमागील गृहीत असे होते की, पुरुष डॉक्टराच्या संकोचामुळे भारतीय स्त्री रुग्णालयात येत नाही. स्त्री-डॉक्टर मिळाली की ती येईल. गृहीत अर्धेच खरे ठरले. स्त्रिया आजारपणासाठी येऊ लागल्या, बाळंतपणासाठी मात्र फार सावकाश. बाळंतपण हा आजार नव्हे, ती घरातील गोष्ट होय, अशी समजूत पक्की होती. पहिलटकरणीने माहेरी जायचे, ही रीत होती. रुग्णालयात सोयर कसे पाळणार, जेवण कोणाच्या हातचे, शेकशेगडीचे काय, हे प्रश्न होते. आणि जी रुग्णालयात जाई ती बहुधा घरी दोन-तीन दिवस अडून, सुईणीचे सर्व उपाय थकल्यावर जाई. साहजिकच तेथे मृत्यू अधिक होत आणि रुग्णालयात गेलेली बाई परत येत नाही, हा समज दृढ होई. इंग्लंडहून पदवी घेऊन आलेल्या डॉ. रखमाबाई १८९५ पासून सुरतेस आणि नंतर राजकोटला जे काम करत राहिल्या, त्याचे मोल हा समज ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही. ते काम शस्त्रक्रियेइतकेच विश्वास संपादन करण्याचे होते.

सुईणीला शिकवण्याचा प्रयोग

डॉक्टरांची संख्या कधीच पुरी पडणार नाही, हे लवकरच ध्यानात आले. लेडी कर्झन यांनी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल शिष्यवृत्ती निधी सुरू केला. परंपरागत सुईणींनाच प्रशिक्षण द्यावे, हा त्याचा उद्देश होता. कल्पना व्यवहारी होती. या प्रयोगाच्या अनुभवांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. देशभरातील स्त्री-डॉक्टरांनी पाठवलेल्या मजकुरात निराशेचा सूर मोठा आहे. सुईणी म्हाताऱ्या आहेत, शिकायला तयार नाहीत, विद्यावेतन मिळते तोवर येतात आणि पुढे जुन्याच रीतीने काम करतात, अशा तक्रारी पुनःपुन्हा आढळतात.

हे सर्व खरे मानले तरी दुसरी बाजू विचारात घ्यावी लागते. सुईण वर्गाला आली की त्या दिवसाचे बोलावणे बुडे आणि दुसरी सुईण ते घर धरून ठेवी. शिकवण्याची भाषा, वर्गखोली, आकृत्या यांतील काहीच तिच्या ओळखीचे नव्हते. तिला साबण, कात्री आणि उकळलेला दोरा वापरायला सांगितले जाई, पण ज्या घरी ती जाई तेथे इंधनाचा तुटवडा, बाळंतिणीला घरातील सर्वांत जुने फडके आणि सर्वांत अंधारी खोली दिलेली. सोयरामुळे बाटेल म्हणून चांगले कापड कोणी देत नसे. यातील एकही गोष्ट तिच्या हाती नव्हती. वरच्या जातीच्या घरातील सासूला मांगाच्या सुईणीने ‘पाणी उकळून द्या, धुतलेले लुगडे द्या’ असे कोणत्या अधिकाराने सांगावे? सरकारने तिला शिकवले, अधिकार मात्र दिला नाही. माझ्या मते या योजनांच्या अपयशाचे मूळ येथे आहे. ते सुईणीच्या बुद्धीत शोधण्याचे कारण नाही.

दुसरा मार्ग नव्या वर्गातून परिचारिका व प्रसाविका घडवण्याचा होता. पुण्यात १९०९ पासून रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांना शुश्रूषेचे शिक्षण देण्यास आरंभ केला. त्यांत विधवांचा भरणा मोठा होता. उच्चवर्णीय स्त्रीने परक्या बाईच्या बाळंतपणाला हात लावणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मात्र याचा एक परिणाम असाही झाला की जे काम आजवर हलके म्हणून खालच्या जातीकडे होते, ते गणवेश, प्रमाणपत्र आणि पगार यांच्यासह प्रतिष्ठित होताना मूळ काम करणाऱ्या स्त्रिया त्यातून वगळल्या गेल्या. प्रमाणपत्रासाठी लिहितावाचता येणे आवश्यक होते. १९३५ च्या मुंबई परिचारिका, प्रसाविका व आरोग्यप्रेक्षिका नोंदणी कायद्याने ही सीमारेषा कायम केली.

गिरणगावातील खोली

मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रियांची १९२१-२२ मध्ये डॉ. बार्न्स यांनी केलेली पाहणी हे या विषयावरील अत्यंत मोलाचे साधन होय. चाळीतील एका खोलीत अनेक माणसे राहत आणि त्याच खोलीत, आडोशाला, बाळंतपण होई. कामावर जाणारी आई तान्ह्याला अफूची गोळी देऊन निजवी. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या जन्मांशी ताडून पाहिले असता बालमृत्यूचे प्रमाण हजारी साडेसहाशेच्या वर गेले होते. या आकड्यात एक मेख आहे. कोकणातील व घाटावरील असंख्य स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, त्यामुळे जन्म गावी नोंदला जाई आणि मूल दगावे मुंबईत. शिवाय अनेक जन्म नोंदलेच जात नसत. तरीसुद्धा हे प्रमाण भयावहच होते आणि त्याचे खापर केवळ सुईणीवर फोडणे अशक्य होते. चाळीची खोली तिने बांधली नव्हती.

पाहणीच्या या परंपरेतून एक चांगली गोष्ट निष्पन्न झाली. प्रसूतीचा प्रश्न हा मजुरीचा आणि विश्रांतीचाही प्रश्न आहे, हे मान्य झाले. मुंबई कायदेमंडळात १९२८ मध्ये मातृत्व लाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे आणि तिचा भार मालकाबरोबर शासनानेही उचलावा, असा त्यांचा रोख होता. १९२९ चा मुंबईचा कायदा हा या प्रकारचा देशातील पहिला कायदा ठरला. परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये सुरू झाले होते, ते याच कामगारवस्तीच्या मध्यभागी. रुग्णालयातील बाळंतपण गरीब स्त्रियांमध्ये रुळले ते प्रथम मुंबईत, आणि त्याचे एक कारण असे की चाळीत सुईण मिळाली तरी जागा मिळत नव्हती.

कॅथरिन मेयो यांचे ‘मदर इंडिया’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपरोल्लिखित १९१८ च्या अहवालातील वर्णने मेयोबाईंनी सढळपणे वापरली आणि दाईचे चित्र हिंदी लोक स्वराज्यास अपात्र असल्याचा पुरावा म्हणून मांडले. गांधीजींनी पुस्तकाची संभावना गटारनिरीक्षकाचा अहवाल अशी केली. राष्ट्रवाद्यांच्या प्रत्युत्तरांत आवेश होता. परंतु त्या गदारोळातही दाईची बाजू मांडायला बहुतेक कोणी पुढे आले नाही. साम्राज्यवाद्यांना ती भारताच्या मागासलेपणाची खूण वाटली आणि राष्ट्रवाद्यांना लाजिरवाणी आठवण. तिच्याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत होते.

निर्णायक बदल

मातामृत्यूचे प्रमाण जगभर खऱ्या अर्थाने खाली आले ते १९३५ नंतर. सल्फा औषधांनी सूतिकाज्वर आटोक्यात आला. १९३५ मध्येच अर्गोमेट्रिन हाती आल्याने प्रसूत्युत्तर रक्तस्रावावर उपाय मिळाला. पुढील दशकात पेनिसिलिन आणि रक्तपेढ्या आल्या व त्यांच्या जोरावर सिझेरियन शस्त्रक्रिया सुरक्षित झाली. इंग्लंडमध्ये जे प्रमाण ऐंशी वर्षे हलले नव्हते ते दहा-पंधरा वर्षांत कोसळले. रुग्णालयाने सुईणीवर मात केली असेल तर ती येथे, आणि ती पूर्णतः न्याय्य होती. यापुढे अडलेल्या बाईला सुईणीपाशी ठेवणे म्हणजे तिचा टाळता येणारा मृत्यू पत्करणे होते.

भारतात हे सर्व पोचायला वेळ लागला. भोर समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालानुसार देशात दर हजार जन्मांमागे सुमारे २० माता मृत्यू पावत होत्या, म्हणजे वर्षाला सुमारे २ लाख. साठ हजार लोकांमागे एक प्रशिक्षित प्रसाविका, अशी स्थिती होती. पुरेशा प्रसाविका तयार होईपर्यंत परंपरागत सुईणींना शिकवून कामात घेणे भाग आहे, हे या पिढीच्या नियोजनकारांना पटले होते. मात्र ती तात्पुरती सोय होती.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली आणि सहायक परिचारिका प्रसाविका खेड्यात आली. १९७० च्या दशकात तिचे रूपांतर बहुउद्देशीय कार्यकर्तीत झाले. कुटुंबनियोजनाचे लक्ष्य गाठण्यात तिचा बराच वेळ जाऊ लागला आणि प्रसाविका हा शब्द तिच्या पदनामापुरताच उरला. १९७७ पासून दाई-प्रशिक्षणाची देशव्यापी योजना पुन्हा सुरू झाली. साबण, नवे पाते आणि स्वच्छ दोरा असलेली पेटी तिला मिळाली. याच काळात गरोदर स्त्रियांना धनुर्वातप्रतिबंधक लस देण्याचा कार्यक्रम विस्तारला. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये घोषित झाले. विळ्याचा प्रश्न सुटला तो एक सुई आणि एक पाते यांनी.

परंपरागत दाईचे प्रशिक्षण निरुपयोगी ठरते काय, या प्रश्नावर महाराष्ट्रातूनच दोन महत्त्वाची उत्तरे मिळाली. जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातीलच, बहुतांशी निरक्षर व दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. तेथे त्यांना शिकवण्याबरोबर गावात मानही मिळवून देण्यात आला. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांच्या घरच्या घरी काळजीचे शिक्षण दिले. दायांनाही त्यांनी सोबत घेतले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यू शेकडा ६२ ने घटल्याचे दिसून आले. १९१८ च्या अहवालातील तक्रारी या निष्कर्षांशेजारी ठेवून वाचाव्यात.

धोरण मात्र दुसऱ्या दिशेने गेले. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ मध्ये देशातील सुमारे २६ टक्के प्रसूती संस्थांत होत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ८९ टक्क्यांच्या आसपास आणि महाराष्ट्रात ९५ टक्क्यांच्या जवळ पोचले. महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २००१-०३ मध्ये लाखामागे १४९ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या यशापुढे कोणतीही हळहळ फिकी आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील दर चार प्रसूतींपैकी एक शस्त्रक्रियेने झाल्याचे दिसते, हेही नमूद केले पाहिजे. सामान्य बाळंतपणाला धीर देऊन वाट पाहणारी व्यक्ती व्यवस्थेतून नाहीशी झाली, हे यामागील एक कारण आहे काय, याचा अभ्यास वैद्यकाच्या व समाजशास्त्राच्या अध्यापकांनी मिळून करण्यासारखा आहे. केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसाविका-सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि सामान्य प्रसूतीसाठी विशेष प्रशिक्षित परिचारिकांचा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्याचे ठरवले. म्हणजे उणीव शासनालाही जाणवली आहे.

अभ्यासकांसाठी एक साधन अद्याप फारसे हाताळले गेलेले नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याने जन्माची खबर देण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर टाकले त्यांत प्रसूतीच्या वेळी हजर असलेल्या सुईणीचाही समावेश केला. नोंदणीच्या नमुन्यात प्रसूतीसमयी कोणाचे साहाय्य लाभले, याचा एक रकाना आहे. शासकीय संस्था, खाजगी संस्था, डॉक्टर-परिचारिका, परंपरागत दाई, नातेवाईक असे त्याचे पर्याय आहेत. त्यांतील चौथ्या पर्यायावर पडलेल्या खुणा तालुक्या-तालुक्यात कोणत्या वर्षी विरळ होत गेल्या, हे त्या नोंदींवरून काढता येईल. मात्र त्या रकान्यात दाईचे नाव लिहिण्याची सोय नाही.